आवाज फाटी ऱ्हायना!

एकतीस वर्षांत माझ्या दुकानात जेवढी गिऱ्हाइकं आली, त्यांतल्या निम्म्यांनी तरी रस्त्यावरूनच एक वाक्य आत फेकलं असेल, "नाना, आवाज फाटी ऱ्हायना!" रामराम नाही, बसू का नाही. कोणाचा आवाज, कधीपासून, काय वाजवत होता, हे सगळं चहा आल्यावर. ॲम्प्लिफायर काखोटीला मारून आलेल्या माणसाला धीर नसतो, कारण त्याच्याकडे नेहमी त्याच संध्याकाळी कोणाची तरी हळद असते.

धुळ्याला आग्रा रोडच्या मागच्या गल्लीत माझं ॲम्प्लिफायर बनवायचं आणि दुरुस्त करायचं दुकान होतं. मी मूळचा जामनेरकडचा. आमची बोली वेगळी, धुळ्याकडची अहिराणी वेगळी, त्यामुळे सुरुवातीला गिऱ्हाईक काय म्हणतंय ते बायको समजावून द्यायची. ती धुळ्याचीच. पण 'फाटी ऱ्हायना' म्हणजे 'फाटतोय', हे मात्र मला पहिल्याच दिवशी कळलं आणि पुढे त्यावरच आमचं घर चाललं. आता दुकान आवरून जळगावला मुलाकडे राहतो. घरातले सगळे कानात बोंडं घालून गाणी ऐकतात, त्यामुळे माझ्या विद्येला घरात काही मान नाही. तो मान मिळवण्यासाठीच हा लेख लिहीत आहे, हे आधीच कबूल करून टाकतो.

बाहेरच्या माणसाला आमचं काम असं सांगता येईल. ॲम्प्लिफायर ढकलतो आणि स्पीकर हलतो. एकाने किती जोराने ढकलावं आणि दुसऱ्याने किती सोसावं, ही सोयरीक जमवणं म्हणजे आमचा धंदा. पत्रिकेत दोन गोष्टी पाहायच्या, वॉट आणि ओहम. वॉट म्हणजे ताकद. ओहम म्हणजे स्पीकर विजेला किती अडवतो ते. अडवणारं कोणी नसलं की ॲम्प्लिफायर मोकाट सुटतो, तापतो आणि एक दिवस धूर काढून मोकळा होतो. लोकांना वॉट तेवढे पाठ असतात, कारण ते खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेले असतात. खोक्यावरच्या त्या आकड्यावर माझा विश्वास कधीच नव्हता. दोन हजार वॉट लिहिलेलं खोकं मी उघडायचो तेव्हा आत पन्नास वॉट निघायचे आणि उरलेल्या जागेत थर्माकोल.

ओहमची गंमत एका कापडवाल्या शेठजींनी दाखवली. शेठजी मूळचे राजस्थानातले, माणूस अगदी सालस. त्यांना दुकानाच्या प्रत्येक मजल्यावर, गोदामात आणि जिन्यात सकाळी भजन हवं होतं. कोणीतरी त्यांना एकाच लहान ॲम्प्लिफायरवर आठ स्पीकर शेजारी शेजारी जोडून दिले. शेठजींचा समज असा, की पंगतीत माणसं वाढली की प्रत्येकाला थोडं थोडं कमी मिळेल, बाकी काय बिघडणार? पण स्पीकर वाढवले की अडवणूक कमी होते आणि वाढप्याचीच दमछाक होते. ॲम्प्लिफायर इतका तापायचा, की दुकानातली मांजर दिवसभर त्याच्यावर झोपायची. मी दोन दोन स्पीकर एकामागे एक जोडून अडवणूक वाढवली आणि यंत्र गार पडलं. आठ दिवसांनी शेठजींचा फोन आला, "नाना, आवाज फस्टक्लास आहे, पण मांजर रुसून शेजारच्या बँकेत गेली. थोडं गरम करून देता का?"

माझ्या धंद्यात मी दोन गोष्टींवरून लोकांना फार बोलायचो. एक म्हणजे लाल दिवा. ॲम्प्लिफायरवर एक बारकासा लाल दिवा असतो. आवाज फाटायला लागला की तो लागतो. दुसरी गोष्ट म्हणजे उघडा माइक. काम झालं की माइक बंद करायचा. माइक सुरू ठेवून पाहुण्यांच्या जेवणावर बोललेलं अख्ख्या मांडवाने ऐकलं आणि दोन घरांचं येणंजाणं बंद झालं, असं मी डोळ्यांनी पाहिलं आहे. "उघडा माइक आणि उघडी डीपी, दोन्हींपासून लांब राहा," असं मी पाटीवर लिहून दुकानात लावलं होतं. डीपी म्हणजे रस्त्याकडेची विजेची पेटी. ती पाटी इथे मुद्दाम नोंदवून ठेवतो.

तर आता भागवत. सोनगीरच्या अलीकडे त्याचं गाव. शेती करायचा आणि लग्नसराईत पिकअपवर साउंड लावून फिरायचा. एक दिवस आला आणि रस्त्यावरूनच ते नेहमीचं वाक्य फेकलं. वर जोडलं, "आणि स्पीकरबी जळी गया."

"किती वॉटचा होता?" मी विचारलं.

"वॉट माले ठाऊक नही. पण वजन करी लिधं. कापूसना काटावर. एकेक पेटी बावन्न किलो भरनी."

"गहू घेतलेस का रे?"

"चुंबक भारी शे, नाना. मी लोखंडनी पळी लाईसन देखी."

आमच्या भागात स्पीकर असेच घेतात, हे सांगताना मला लाज वाटत नाही. स्पीकर मोठे होते, चांगले आठशे वॉट सोसणारे. त्यांना ढकलायला याने लावला होता दीडशे वॉटचा जुना ॲम्प्लिफायर. मी म्हटलं, "तुझं मशीन फार लहान आहे, म्हणून स्पीकर जळाला."

भागवतने टोपी काढून मांडीवर ठेवली. हा माणूस आता भांडणार, हे मी ओळखलं.

"नाना, मोठा पाइपले लहान मोटर लाई तर काय व्हस? पाणी कमी येस. पाइप थोडाच फुटस? मंग लहान मशीनवर आवाज कमी येवाले पाहिजे. स्पीकर काबरं जळना?"

हा प्रश्न इतका बिनतोड होता, की मी उगाच सोल्डरिंगची कांडी पुसत बसलो. जगातला कुठलाही शेतकरी असाच विचार करेल आणि कुठलाही शेतकरी इथेच फसेल. खरी गोष्ट अशी, की लहान मशीनकडून मोठा आवाज मागितला की ते नाही म्हणत नाही. जमेल तेवढं देतं आणि बाकीचं डोकं उडवतं. आवाजाची लाट गोल असते, तिचा वरचा भाग सपाट कापला जातो. यालाच आवाज फाटणं म्हणतात. कापलेली लाट स्पीकरच्या आतल्या तारेला सारखी तापवत राहते, आणि कापलेले कोपरे बारीक आवाज होऊन वरच्या छोट्या स्पीकरवर, म्हणजे ट्विटरवर पडतात. तो बिचारा सगळ्यांत आधी जातो. हे मी त्याला वहीवर काढून दाखवलं. त्याने वही उलटी धरून पाहिली आणि म्हणाला, "हाई ते साप शे."

मग मला एक युक्ती सुचली. "उन्हाळ्यात लाईट कमी असते तेव्हा विहिरीवरची मोटर चालवलीस तर काय होतं?"

"जळस! यंदा दोन दाव रिवाइंडिंग करनी पडनी."

"म्हणजे कमी मिळालं तरी जळतंच ना?"

भागवतने टोपी डोक्यावर घातली. त्याच्या भाषेत याचा अर्थ हार मान्य असा. ही तुलना शास्त्राला किती धरून आहे, हे कोणा इंजिनिअरने मला पत्र लिहून कळवू नये. मोटरवाल्याला पटली, मला तेवढं पुरे होतं.

"आणि तो लाल दिवा? तो लागत नाही का?"

"लागस ना!" त्याचा चेहराच उजळला. "तालवर लागस. पोरं त्या दिवाकडे देखीसन नाचतस."

मी त्याला स्पीकरच्या दीडपट ताकदीचा ॲम्प्लिफायर घ्यायला लावला. ताकद पाठीशी हवी आणि वापरायची जपून, म्हणजे लाट कापली जात नाही. पण भागवत जपून वापरेल यावर माझा भरवसा नव्हता. म्हणून बायकोचं लाल नेलपॉलिश घेतलं आणि ॲम्प्लिफायरच्या बटणाशेजारी एक रेघ मारली. "याच्या पुढे बटण गेलं तर माझ्या दुकानात पाऊल टाकायचं नाही," असा दम दिला. बायको म्हणाली, "माझी नवी बाटली होती." पुढे ती रेघ पंचक्रोशीत गाजली. लोक चांगलं चालणारं मशीन घेऊन यायचे आणि म्हणायचे, "नाना, फक्त रेघ मारी द्या." मी आणि बायको एका लग्नसराईत चार बाटल्या संपवल्या आणि तिच्या बोटांना एक थेंब मिळाला नाही. मला त्या रेघेचा फार अभिमान होता. तो कसा उतरला, ते आता सांगतो.

मी दुकान बंद करून जळगावला आलो, त्यानंतर वर्षभराने भागवतच्या जयूचं, म्हणजे त्याच्या मुलीचं लग्न ठरलं. मुलगा वरणगावचा. भागवतचे वडील, ज्यांना सगळं गाव आबा म्हणतं, चाळीस वर्षं गावातल्या प्रत्येक लग्नात स्वतः रचलेली मंगलाष्टकं म्हणत आलेले. भटजींची झाली की आबांची. त्यांत दोन्हीकडच्या सगळ्या काका-मामांची नावं वृत्तात बसवलेली असायची, बसत नसली तरी. नवरा वरणगावचा म्हटल्यावर आबा हरखूनच गेले होते, कारण गावाच्या नावातच 'वर' आयता मिळाला.

साखरपुड्याला आबांनी स्वागताची चार कडवी म्हटली, भागवतच्या साउंडवर. आवाज असा फाटला, की पत्रा ओढत नेल्यासारखा. पाहुणे हसले. तेवढ्यावर भागलं असतं, पण कोणीतरी ते मोबाइलवर घेतलं आणि फोनची रिंगटोन करून टाकली. चार दिवसांनी आबा किराणा दुकानात उभे असताना शेजारच्याचा फोन वाजला आणि त्यातून आबाच ओरडले. आबांनी साखर तिथेच ठेवली, घरी गेले आणि सांगितलं, की आता मंगलाष्टकं म्हणणार नाही. जयूनेही सांगितलं, की आबा म्हणणार नसतील तर मीही अंतरपाटासमोर उभी राहणार नाही. आजोबा आणि नात दोघंही सारखेच हट्टी. लग्न नऊ दिवसांवर आलेलं. भागवतने मला फोन केला. या वेळी त्याने आधी रामराम केला, तेव्हाच मी समजलो की प्रकरण गंभीर आहे.

मी पहिली एसटी पकडली. गावात पोचल्यावर आधी मशीन पाहिलं. नेलपॉलिशची रेघ जागेवर होती आणि बटण तिच्या आत, अगदी शहाण्या मुलासारखं. मग माझी नजर मिक्सरवर गेली. मिक्सर म्हणजे जिथे माइकची वायर आधी येते ते खोकं. त्यावरचं माइकचं बटण शेवटच्या टोकाला टेकलेलं होतं.

"हे कोणी केलं?"

"मीच. तुम्ही सांगं व्हतं, मशीन रेघना पुढे नेवानं नही. मी नेलं नही. आवाज कमी यी ऱ्हायंता, म्हणीसन आठेथून वाढावा."

आवाज मिक्सरमध्येच फाटत होता. पुढचा ॲम्प्लिफायर तो फाटका आवाज इमानेइतबारे मोठा करत होता, फाटका सदरा कडक इस्त्री करून द्यावा तसा. भागवतने माझा शब्द तंतोतंत पाळला होता. चूक माझी होती. मी एका बटणाची रेघ मारून दिली आणि दुसऱ्या बटणाबद्दल बोललोच नाही. गिऱ्हाईक मूर्ख आहे असं समजून समजावणं अर्ध्यावर सोडलं आणि रेघेवर भागवलं. एकतीस वर्षांच्या धंद्यात मला इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं.

आबा ओट्यावर बसले होते. मी त्यांच्या पाया पडलो आणि सगळं सांगितलं.

"नाना, तुम्ही मनं मन राखाले सांगी ऱ्हायनात," आबा म्हणाले. "मशीन बराबर शे. मना आवाजच गया. ब्याऐंशी साल व्हयनात."

म्हणजे लोकांच्या हसण्यापेक्षा त्यांना ही भीती पोखरत होती. मी भागवतला म्हटलं, ते बावन्न किलो बाजूला ठेव आणि घरात जुने भोंगे असतील तर काढ. दोन निघाले, एकात चिमणीने घरटं करून सोडलेलं. सोबत माझा स्वतःच्या हाताने बनवलेला चाळीस वॉटचा जुना ॲम्प्लिफायर मी पिशवीतून आणलाच होता. माणसाच्या आवाजासाठी दोन भोंग्यांना चाळीस वॉट भरपूर होतात. भोंगा थोड्या ताकदीत लांब पोचतो. वॉट दुप्पट केले म्हणून आवाज काही दुप्पट होत नाही, जरासाच वाढतो. हे मी आयुष्यभर सांगत आलो आणि लोक आयुष्यभर वजन करत आले.

माइक आबांच्या हातात दिला. "नुसतं हॅलो म्हणा."

"मी हॅलो म्हणाव नही," आबा म्हणाले आणि ते भोंग्यातून साऱ्या गावात गेलं. आबा दचकले. मग भागवतकडे वळून सुरू झाले, "येडा, माले विचार्याशिवाय चिमणीनं घर काबरं मोडं?" तीन गल्ल्या पलीकडून कोणीतरी ओरडलं, "बराबर शे, आबा!" आबांनी माइक तोंडापासून लांब धरला, त्याच्याकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "असा शे का मना आवाज?"

"असाच आहे, आबा."

ते तयार झाले, पण एक अट घालून. "मशीनवर तुम्हीच बसा. आणि आवाज फाटना, तर तिठेच बंद करी टाकज्या. माले परत कोनी हसाले नको." मी त्यांच्या हातावर हात मारून शब्द दिला.

लग्नाच्या दिवशी मी मिक्सरमागे खुर्ची टाकून बसलो. माझा चाचणीचा माइक तोंडासमोर होता, चेक चेक म्हणून झालं होतं. एक हात मुख्य स्विचवर आणि नजर लाल दिव्यावर. वरणगावची मंडळी मोबाइल काढून तयारीतच होती. भटजींची मंगलाष्टकं झाली आणि आबांनी कागद उलगडला. पहिल्यात गणपती, दुसऱ्यात देवी, तिसऱ्यात वरणगाव. मामांची नावं वृत्तात ठोकून बसवलेली. आवाज खणखणीत. शेवटच्या पाहुण्याच्या खुर्चीपर्यंत प्रत्येक अक्षर पोचत होतं. मोबाइल एक एक करून खाली गेले, कारण हसण्यासारखं काही नव्हतं. मी आनंदाने फुगलो होतो, हे लपवत नाही.

शेवटचं मंगलाष्टक जयूचं होतं. ती लहानपणी आबांच्या खांद्यावर बसून पोळ्याची मिरवणूक बघायची, असं काहीतरी त्यात होतं. 'खांद्यावर' या शब्दाशी आवाज फाटला. एकदम फाटला. पुढचा शब्द खरखरत आला, त्याच्या पुढचा आलाच नाही.

भागवत धावत येऊन माझ्या कानाशी कुजबुजला, "नाना, आवाज फाटी ऱ्हायना! बंद करा, तुम्ही शब्द दिधा व्हता!"

माझा हात स्विचवरच होता. मी दिव्याकडे पाहिलं. दिवा लागलेला नव्हता. मिक्सर पाहिला, सगळं जागच्या जागी. "दिवा बघ," मी मान वळवून त्याच्या कानात म्हणालो. भागवतने दिव्याकडे बघितलं, मग बापाकडे बघितलं आणि तिथेच एका स्पीकरच्या पेटीवर बसून घेतलं. भोंग्यातून कोणीतरी नाक ओढल्याचा आणि हुंदक्याचा आवाज आला, चांगला मोठा. आबाच असणार, असं मला वाटलं. मांडवात कोणी हललं नाही. मग आबांनी तशाच फाटलेल्या आवाजात शेवटची ओळ पुरी केली, आणि सावधान म्हणायचं कोणाच्याच लक्षात न राहिल्यामुळे भटजींना ते दोनदा म्हणावं लागलं.

जेवणं झाल्यावर आबा माझ्याकडे आले. उपरण्याने तोंड पुसलं आणि म्हणाले, "बंद काबरं नही कयं?"

"दिवा लागला नव्हता, आबा. मशीनचा आवाज फाटला तर बंद करायचं होतं."

आबांनी मान हलवली. निघाले, दोन पावलं गेले आणि परत फिरले.

"ते ठीक. मी रडनू, ते माले ठाऊक शे. पण नाना, भोंगामा तो दुसरा कोन रडी ऱ्हायंता?"

मी समोर बघितलं. माझा चाचणीचा माइक सुरूच होता.